आयजीएम, आयजीजी म्हणजे नेमकं काय? डेंग्यूच्या रिपोर्टपासून गाईच्या चिकापर्यंत, अँटिबॉडीचे पाच प्रकार समजून घ्या

पावसाळा सरत आला की तालुक्याच्या गावातल्या लॅबसमोर गर्दी वाढते. ताप आला, अंग मोडून आलं, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. मग रिपोर्ट मोबाईलवर येतो आणि घरात गोंधळ सुरू होतो. 'आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह.' पॉझिटिव्ह शब्द दिसला की घरचे घाबरतात, निगेटिव्ह दिसला की निर्धास्त होतात. कोणी तो रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं, कोणी मेडिकलवाल्याला विचारतं.

आयजीएम आणि आयजीजी ही रोगांची नावं नाहीत. आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या अँटिबॉडींचे ते प्रकार आहेत. असे एकूण पाच प्रकार असून प्रत्येकाचं काम आणि जागा वेगळी आहे. हे पाच प्रकार एकदा समजले की तापाचा रिपोर्ट, गरोदरपणातलं इंजेक्शन, बाळाचं पहिलं दूध, वासराला पाजायचा चीक, कुत्रा चावल्यावरचं सीरम आणि सापाच्या विषावरचं औषध या सगळ्यांमागचं कारण एकाच धाग्यात लक्षात येतं.

अँटिबॉडी आणि अँटिबायोटिक यात फरक काय?

नावं सारखी वाटतात म्हणून अनेकांची गल्लत होते. अँटिबायोटिक हे बाहेरून घ्यायचं औषध आहे, गोळी किंवा इंजेक्शन. ते जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर चालत नाही. अँटिबॉडी मात्र शरीर स्वतः तयार करतं. मराठीत तिला प्रतिपिंड म्हणतात. तिचंच शास्त्रीय नाव इम्युनोग्लोब्युलिन, आणि 'आयजी' ही त्याचीच दोन आद्याक्षरं. रिपोर्टवर 'आयजी'च्या पुढे येणारं अक्षर म्हणजे तिचा प्रकार.

अँटिबॉडी म्हणजे एक प्रकारचं प्रोटीन. रक्तात बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. ओळखीचा शत्रू दिसला की यातल्या काही पेशी वाढतात, त्यांचा जणू कारखाना होतो आणि त्या सेकंदाला हजारांच्या घरात अँटिबॉडी सोडू लागतात. जंतू, विषाणू किंवा विष यांना गाठून पकडणं हे त्या अँटिबॉडींचं काम.

गलोलीच्या बेचक्यासारखा आकार

अँटिबॉडी दिसते कशी? गलोलीचं लाकडी बेचकं डोळ्यासमोर आणा. वर दोन फांद्या, खाली एक दांडा. अँटिबॉडीचा आकार जवळपास तसाच असतो. फक्त ती इतकी बारीक की एका मिलिमीटरमध्ये सुमारे एक लाख अँटिबॉडी एका ओळीत मावतील.

हे बेचकं प्रोटीनच्या चार साखळ्यांचं बनलेलं असतं. दोन साखळ्या लांब, त्यांना जड साखळ्या म्हणतात. दोन आखूड, त्या हलक्या साखळ्या. गंधकाच्या बंधांनी या चारही साखळ्या एकमेकींना टाचलेल्या असतात. दोन्ही फांद्यांची टोकं हे पकडण्याचे हात. कुलपात एकच किल्ली बसावी तसं या टोकात ठरावीक जंतूचा ठरावीक भागच नीट बसतो. गोवरच्या अँटिबॉडीचा डेंग्यूला उपयोग नाही, आणि नागाच्या विषावरची अँटिबॉडी धनुर्वातावर चालत नाही.

मग दांड्याचं काम काय? दांडा बाकीच्या फौजेला बोलावतो. हातांनी जंतू पकडला की दांडा बाहेरच्या बाजूला राहतो. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या दांड्याला धरतात आणि जंतूला गिळून टाकतात. काही वेळा नुसत्या हातांनीच काम भागतं. विषाणूला सगळीकडून अँटिबॉडी चिकटल्या की त्याला पेशीत शिरायला वाट उरत नाही.

हा आकार उलगडण्यात एका ओळखीच्या झाडाचा वाटा आहे. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात, कारण तिच्या चिकातलं पपेन नावाचं द्रव्य प्रोटीन तोडतं. ब्रिटनमधले शास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये हेच पपेन वापरून सशाच्या अँटिबॉडीचे तुकडे केले. तुकडे तीन निघाले. दोन तुकडे जंतूचा भाग पकडू शकत होते, तिसरा पकडू शकत नव्हता. म्हणजे दोन हात आणि एक दांडा. अमेरिकेतले जेराल्ड एडलमन यांनी त्याच सुमारास अँटिबॉडीच्या साखळ्या सोडवून दाखवल्या. या कामासाठी दोघांना १९७२ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

इतक्या शत्रूंसाठी इतक्या अँटिबॉडी येतात कुठून?

माणसाच्या शरीरात प्रोटीन बनवणारी जनुकं साधारण २० हजार आहेत. पण अँटिबॉडीचे हात मात्र अब्जावधी प्रकारचे बनू शकतात. हे कसं, याचं कोडं जपानचे शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावा यांनी सोडवलं आणि त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. प्रत्येक बी पेशी तयार होताना जनुकांचे छोटे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि नवी जुळणी होते. त्यामुळे प्रत्येक पेशीच्या अँटिबॉडीचं टोक वेगळं निघतं. आजवर कधीही न आलेल्या जंतूसाठीही शरीरात कुठेतरी एखादी जुळणारी पेशी आधीच तयार असण्याची शक्यता असते.

जंतू आला की जुळणारी पेशी शोधायला आणि वाढायला काही दिवस लागतात. पहिल्यांदा आजार होतो तो याच दिवसांत. लढाई संपल्यावर काही पेशी आठवण म्हणून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या लगेच कामाला लागतात. लसीचं सगळं तत्त्व यावरच उभं आहे. आजार न होऊ देता शरीराला शत्रूची ओळख करून द्यायची.

टोक तेच, दांडा बदलतो

आता प्रकारांकडे येऊ. कुऱ्हाडीचं पातं तेच ठेवून कामाप्रमाणे दांडा बदलावा, तसं शरीर करतं. अँटिबॉडीची पकडणारी टोकं तशीच राहतात, पण दांडा बदलला जातो. दांडा कोणता, यावर अँटिबॉडी कुठे जाणार आणि कोणाला बोलावणार हे ठरतं. जड साखळीचे दांडे पाच प्रकारचे, म्हणून अँटिबॉडीही पाच प्रकारच्या: आयजीएम, आयजीजी, आयजीए, आयजीई आणि आयजीडी.

१. आयजीएम: सगळ्यात आधी धावून येणारी

नवा जंतू शरीरात आला की आधी आयजीएम तयार होते. पाच बेचकी दांड्यांनी एकत्र जोडलेली, म्हणजे एकूण दहा हात. एकेका हाताची पकड तशी कच्ची असते, पण दहा हात मिळून जंतूंची गठडी वळतात. रक्तगट तपासताना रक्ताच्या थेंबात कणी धरलेली दिसते, तेही बहुतेक वेळा आयजीएमचंच काम. आकाराने मोठी असल्याने ती मुख्यतः रक्तातच राहते आणि आईकडून पोटातल्या बाळाकडे जात नाही.

म्हणूनच आयजीएम पॉझिटिव्ह याचा अर्थ साधारणपणे 'संसर्ग नुकताच झालेला आहे' असा घेतला जातो. डेंग्यूत ती तापाच्या साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागते. त्याआधीच्या दिवसांत एनएस१ ही तपासणी उपयोगी पडते, कारण ती अँटिबॉडी न शोधता थेट विषाणूचा अंश शोधते. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. शरीराने ती अजून बनवलेलीच नसते. उलट, डेंग्यू बरा झाल्यावरही आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकते.

पट्टीवर होणारी झटपट चाचणी अनेकदा चुकते. म्हणून सरकारी कार्यक्रमात एलायझा पद्धतीची तपासणी खात्रीची मानली जाते. डेंग्यूच्या आयजीएम एलायझाचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था पुरवते.

२. आयजीजी: मागून येणारी, पण टिकणारी

रक्तातल्या अँटिबॉडींपैकी साधारण ७५ टक्के आयजीजी असते. एकच बेचकं, दोनच हात, पण पकड पक्की. ती काही दिवस उशिरा येते. एका आयजीजीचं आयुष्य इतर प्रकारांपेक्षा जास्त असतं: रक्तातली निम्मी आयजीजी संपायला जवळपास तीन आठवडे लागतात. आठवण ठेवणाऱ्या पेशी ती पुन्हा पुन्हा बनवत राहतात, त्यामुळे काही आजारांविरुद्धची आयजीजी वर्षानुवर्षं सापडते.

म्हणून डेंग्यूच्या रिपोर्टवर फक्त आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक वेळा तो जुन्या संसर्गाचा माग असतो. पण इथे एक पेच आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराने आणि पुढे कधी दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर आयजीजी पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने वाढते. शिवाय जुन्या अँटिबॉडी नव्या प्रकाराला अर्धवट चिकटतात, त्याला निकामी करत नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात. दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो तो यामुळे. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार गळून जाणं ही लक्षणं दिसली तर ताप उतरलेला असला तरी दवाखाना गाठायला हवा. रिपोर्टवर काय लिहिलंय याची वाट बघत बसू नये.

आयजीजीचं आणखी एक मोठं वैशिष्ट्य आहे. पाच प्रकारांपैकी फक्त तीच वारेतून आईकडून पोटातल्या बाळाकडे जाते. गरोदर महिलेला टीडीचं इंजेक्शन, म्हणजे आधीचं टीटी, देतात ते याच कारणाने. आईच्या शरीरात धनुर्वाताविरुद्ध आयजीजी बनते, बाळाकडे जाते आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्याला राखते. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळेच भारतातून आई आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. आईकडून मिळालेली ही शिदोरी काही महिन्यांत संपते. बाळाला गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण त्याआधी आईची आयजीजी लसीच्या कामात आड येऊ शकते.

हीच आयजीजी कधी अडचणही करते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याविरुद्ध आयजीजी बनवतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप राहतं, पण पुढच्या खेपेला ही आयजीजी वारेतून जाऊन पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडते. म्हणून अशा आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना हे विचारायला हवं. गरोदरपणात रक्तगट तपासायचा तो एवढ्यासाठीच.

३. आयजीए: दारावरची राखणदार

बहुतेक जंतू तोंड, नाक, डोळे आणि आतडी यांच्या वाटेने आत येतात. या वाटांवर आयजीए पहारा देते. लाळ, अश्रू, शेंबूड, आतड्यातला चिकट थर आणि आईचं दूध यांत ती असते. तिथे दोन बेचकी जोडलेली असतात, म्हणजे चार हात. रक्तात ती कमी दिसते, पण रोज शरीरात सगळ्यात जास्त बनते ती हीच. जंतूला ती आत शिरण्याआधीच चिकटते आणि बाहेरची वाट दाखवते.

बाळंतपणानंतरचं आईचं पहिलं पिवळसर घट्ट दूध आयजीएने भरलेलं असतं. काही घरांत अजूनही ते 'खराब' म्हणून काढून टाकतात आणि बाळाला मध किंवा गुटी चाटवतात. त्यात दुहेरी नुकसान आहे. संरक्षण वाया जातं आणि बाहेरून जंतू आत जातात. जन्मानंतर तासाभरात स्तनपान आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. डब्याच्या पावडरीत आईची ही अँटिबॉडी नसते.

वासराला चीक कधी पाजायचा?

गाई-म्हशींचं गणित माणसापेक्षा वेगळं आहे. माणसाच्या बाळाला पोटातच आयजीजी मिळते. गाईची वार मात्र अँटिबॉडी जाऊ देत नाही. वासरू जन्माला येतं तेव्हा त्याच्याकडे आईची अँटिबॉडी जवळपास नसतेच. त्याची सगळी भिस्त चिकावर. गाईच्या चिकात मुख्यतः आयजीजी असते आणि वासराच्या आतड्यातून ती जशीच्या तशी रक्तात शोषली जाते.

पण हे दार थोडाच वेळ उघडं असतं. जन्मल्यापासून तासागणिक शोषण कमी होत जातं आणि साधारण २४ तासांत जवळपास थांबतं. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी अँटिबॉडी रक्तात जात नाही. 'जार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही' ही जुनी समजूत इथेच नडते. जार पडायला कित्येक तास जातात आणि वासराची वेळ निघून जाते. पहिला चीक दोन तासांच्या आत, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा चीक विभागून पाजावा. २५ किलोच्या वासराला म्हणजे अडीच लिटर. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस करायला हरकत नाही. क्रम मात्र हाच हवा.

४. आयजीई: जंतांसाठी बनलेली, ॲलर्जीत सापडलेली

रक्तात आयजीई अगदी नाममात्र असते. जंतांसारख्या मोठ्या शत्रूशी लढायला ती उपयोगी पडते. तिचा दांडा मास्ट पेशी नावाच्या पेशींना चिकटून बसतो आणि हात बाहेर राहतात. हातांत काही अडकलं की पेशी फुटल्यागत हिस्टामिन सोडते. त्याने खाज येते, सूज येते, शिंका येतात, नाक गळतं.

कधी शरीर बिनधोक गोष्टीलाही शत्रू समजतं. गाजर गवताचे परागकण, घरातली धूळ, शेंगदाणा, मधमाशीचा डंख अशा गोष्टींवर काही जणांच्या शरीरात आयजीई बनते. हीच ॲलर्जी. १९६० च्या दशकात किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत ॲलर्जीच्या रुग्णांवर काम करतानाच ही अँटिबॉडी शोधली.

बहुतेक वेळा गोळीने भागतं. पण डंखानंतर किंवा काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला, चक्कर आली तर ती जिवावरची ॲलर्जी असते. तिथे घरगुती उपाय करत बसू नये. अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लवकर मिळणं महत्त्वाचं.

५. आयजीडी: पेशीवरची पाटी

आयजीडी रक्तात फार कमी असते. ती मुख्यतः नव्या बी पेशींच्या अंगावर बसलेली असते आणि शत्रू ओळखायला मदत करते. नेहमीच्या रिपोर्टमध्ये ती दिसत नाही.

उसनी अँटिबॉडी: वेळ नसतो तेव्हा

शरीराला स्वतःची अँटिबॉडी बनवायला दिवस लागतात. पण काही वेळा तेवढे दिवस हातात नसतात. अशा वेळी दुसऱ्याच्या शरीरात तयार झालेली अँटिबॉडी उसनी घ्यावी लागते. जर्मनीत एमिल फॉन बेहरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये हे दाखवून दिलं. धनुर्वाताविरुद्ध तयार झालेल्या प्राण्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्या प्राण्याला दिला तर तोही वाचतो. बेहरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं.

कुत्रा चावला तर: रेबीजची लस शरीराला अँटिबॉडी बनवायला शिकवते, पण त्या पुरेशा व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर तोपर्यंत विषाणू नसांत शिरू शकतो. म्हणून अशा जखमेला लसीबरोबर सीरम, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, लागतं. ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात, म्हणजे विषाणूला जागच्या जागी पकडलं जातं. माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तापासून ते बनतं. आता कारखान्यात एकाच पेशीच्या वंशापासून बनवलेली अँटिबॉडीही मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशी एक तयार केली आहे.

सीरम पहिल्याच दिवशी मिळावं. राहून गेलं तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंतच देतात, कारण नंतर शरीर स्वतः अँटिबॉडी बनवू लागलेलं असतं. सीरम प्रत्येक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही. त्यामुळे 'लस झाली, सीरम लागतंय का आणि कुठे मिळेल?' हा प्रश्न तिथेच विचारावा. त्याआधी घरीच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नये.

साप चावला तर: सापाच्या विषावरचं औषध म्हणजे घोड्याच्या अँटिबॉडी. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याचं शरीर अँटिबॉडी बनवतं आणि त्याच्या रक्तातून त्या वेगळ्या काढतात. मुंबईचं हाफकिन हे या औषधाचं जुनं आणि ओळखीचं नाव. भारतात मिळणारं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं असतं.

बेचक्याचा आकार इथेही कामाला येतो. घोड्याच्या अँटिबॉडीचा दांडा माणसाच्या शरीराला परका वाटतो आणि रिॲक्शन येऊ शकते. म्हणून पेप्सिन वापरून दांडा तोडतात आणि विष पकडणारे दोन हात तेवढे ठेवतात. तरीही रिॲक्शनचा धोका उरतो, त्यामुळे हे औषध दवाखान्यातच, तयारीनिशी द्यावं लागतं.

अँटिबॉडी रक्तात फिरणारं विष पकडते. विषाने आधीच केलेली इजा ती भरून काढत नाही. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही, तो यामुळे. आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस देतात, कारण औषध शरीराच्या वजनावर नाही, विषाच्या मात्रेवर मोजायचं असतं. मूल लहान म्हणून सापाने विष कमी सोडलेलं नसतं.

प्रत्येक आजार अँटिबॉडीवर तपासता येत नाही

टायफॉइडची विडाल तपासणी गावोगाव होते. तीही अँटिबॉडीचीच तपासणी. पण आधीचा संसर्ग, लस किंवा दुसराच ताप यामुळेही ती पॉझिटिव्ह येते. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवून अँटिबायोटिक सुरू करणं योग्य नाही. शक्य असेल तर औषध सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करून घेणं चांगलं.

टीबीचंही तसंच. टीबीसाठी रक्तातली अँटिबॉडी तपासणी इतकी फसवी निघाली की केंद्र सरकारने २०१२ मध्ये तिच्यावर बंदी घातली. फुप्फुसाच्या टीबीसाठी थुंकीचीच तपासणी हवी, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

हे लक्षात ठेवा

• रिपोर्ट वाचताना ताप कोणत्या दिवशी आला आणि रक्त कोणत्या दिवशी दिलं, या दोन तारखा डॉक्टरांना आधी सांगा. त्याशिवाय आयजीएम, आयजीजीचा अर्थ लागत नाही.
• आयजीएम बहुधा नवा संसर्ग सांगते, एकटी आयजीजी बहुधा जुना. शेवटचा निर्णय लक्षणं पाहून डॉक्टरच करतात.
• गरोदरपणात टीडीचं इंजेक्शन आणि रक्तगट तपासणी चुकवू नका. आईचा गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीबद्दल विचारा.
• बाळाला तासाभरात आईचं पहिलं दूध, वासराला दोन तासांत चीक. जार पडण्याची वाट पाहू नका.
• कुत्र्याची जखम रक्ताळलेली असेल तर लस आणि सीरम दोन्ही. लसीचे सगळे डोस पूर्ण करा.
• साप चावला तर हालचाल कमी करा, घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा.